पहिला नंबर ताईचा

आरसा फुटला तेव्हा ताई उंबऱ्यातच उभी होती. हातात धाकट्या भावाचा इस्त्री केलेला काळा शर्ट होता, आणि ‘चल, उशीर होईल, आज कवितेची अंतिम फेरी आहे’ हे शब्द ओठांवर येऊन तिथेच गोठले. समोर भिंतीशी भावजय बसली होती... बसली कसली, भिरकावली गेली होती! केसांत काचेचे तुकडे, आणि कानाच्या वरून निघालेली रक्ताची बारीक धार कुडत्याच्या खांद्यात मुरत चाललेली. खोलीच्या मधोमध धाकटा धापा टाकत उभा होता. तो आरसा त्यानेच कापून आणला होता. काचेच्या दुकानात सगळे म्हणत की याचा हात म्हणजे सोनं आहे, काच कापताना केसभरही हलत नाही.

झालं होतं एवढंच. फेरीत म्हणायची कविता त्याने बायकोला ऐकवली होती. तीच ती ‘फॅनबेल्ट’, जिच्यावर साऱ्या गावाने टाळ्या पिटल्या होत्या, जिच्यामुळे काच कापणाऱ्या एका पोराचं नाव ‘भडका’ पडलं होतं. मारकुट्या बापापुढे एक लहान मुलगा हात पसरून आडवा येतो आणि थोरल्या बहिणीला वाचवतो, अशी ती कविता. ऐकून भावजय सहज बोलून गेली की ती आडवं येण्याची ओळ काही मनाला पटत नाही. अख्ख्या कवितेत बापाचे तेलकट बूट आहेत, त्यांच्या नाड्या आहेत, टाचेला चिकटलेलं ग्रीस आहे, पण चेहरा कुठेच नाही. समोर उभं राहिलेल्याला चेहरा नको का दिसायला?

त्यावर हा प्रसाद मिळाला होता.

“एवढंसं खरचटलंय तिला,” धाकटा ताईला पाहून म्हणाला. आवाजात पश्चात्ताप नव्हता, संताप होता. “मी केवढा मार खाल्लाय ते सांग हिला. एवढासा होतो, तरी तुझ्यापुढे उभा राहिलो. सांग ना, ताई. मला खोटं म्हणते ही!”

ताईला उत्तर सुचण्याआधीच त्याचा हात पुन्हा उठला. विचार करायला वेळ नव्हता, आणि ताईच्या अंगाला त्याची गरजही नव्हती. तिने शर्ट टाकला, मध्ये शिरली, आणि तो फटका तिच्या मनगटावर असा बसला की बांगडी पिचकून कातड्यात रुतली. मग धाकट्याने जमिनीवरचा शर्ट उचलला, ‘तू कशाला मध्ये पडतेस’ असं पुटपुटला आणि दार आपटून निघून गेला.

ताईने भावजयीला खिडकीशी बसवलं. ताई सोफे शिवायच्या कारखान्यात कामाला होती; तिथे लाकडात रुतलेल्या पिना उपटायला तिच्या पर्समध्ये एक बारीक चिमटा कायम असे. त्याच चिमट्याने ती केसांतल्या काचा वेचू लागली. भावजय रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, “मारताना तो बापाचंच नाव घेतो, ताई. म्हणतो, मी त्याच्यासारखा नाही, मी वाचवणारा आहे. मग मी रडायचं तरी कुणापाशी?”

ताईचा चिमटा थांबला. कारण कवितेबद्दल भावजयीचं म्हणणं खरं होतं. ती ओळ खोटीच होती, आणि ती धाकट्याने नव्हे, ताईने रचली होती.

बाप गॅरेजात मिस्त्री होता. बाहेर कुणी चारचौघांत पाणउतारा केला की वड्याचं तेल वांग्यावर निघायचं, आणि घरातली वांगी म्हणजे ही दोन पोरं. आई कधीच देवाघरी गेलेली. खिळ्याला गाडीच्या इंजिनातला जुना रबरी पट्टा, फॅनबेल्ट, टांगलेला असायचा; मार त्यानेच. ताईला फार लवकर एक गोष्ट उमगली होती, की पहिले फटके सर्वांत जोरकस असतात. नंतर हात दमतो, राग ओसरतो, आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून बुटांचा आवाज आला की ती धाकट्याला खाटेखाली ट्रंकेमागे ढकलायची आणि स्वतः पुढे व्हायची. काच कुणी फोडली? मी. दूध कुणी सांडलं? मी. पहिला नंबर नेहमी तिचा! एका दुपारी तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचा डावा खांदा जरा उतरलेला आहे.

पुढे बाप मेला, पण पोरगं खाटेखालून बाहेर येईना. तिथेच जेवायचं, तिथेच निजायचं. तोंडातून शब्द निघेना. शेजारची पोरं ‘उंदीर’ म्हणून चिडवायची तेव्हा ते आपली बोटं चावायचं, रक्त येईपर्यंत. मग ताईने त्याच्याजवळ पालथं पडून त्याला एक गोष्ट सांगितली. ‘तुला आठवत नाही का रे? तू बाहेर आला होतास. हात पसरून बाबांपुढे उभा राहिलास. तू होतास म्हणून मी जगले.’ पोरगं नुसतं बघत राहिलं. तिने रोज सांगितलं, आणि ते ऐकता ऐकता एक दिवस ते बाहेर आलं, बोलू लागलं. आपल्या मोडक्या हाडाचं श्रेय त्याच्या पदरात टाकताना तिला केवढा आनंद झाला होता...

आणि आज? फाटक्या सोफ्यावर नवं कापड चढवलं म्हणून आतली मोडकी स्प्रिंग कुठे जात नाही, हे रोज दहा जणांना सांगणारी ती, तिला स्वतःच्या घरातलं तेवढं कळू नये! आपण वाचवणारे आहोत अशी एकदा खात्री पटली, की माणूस आपल्या हाताकडे बघतच नाही.

तिने भावजयीला स्वतःच्या खोलीवर पोचवलं, आतून कडी लावून घ्यायला सांगितलं, आणि ती कारखान्याकडे वळली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर कवितेचा अड्डा भरे. अर्धवट शिवलेल्या सोफ्यांवर माणसं दाटीवाटीने बसत. सूत्रसंचालन एका दातांच्या डॉक्टरकडे होतं, लोकांना तोंड उघडायला लावण्यात त्याचा हातखंडा. खेळाचे नियम साधे होते. कविता स्वतःची हवी, तीन मिनिटांत संपली पाहिजे, आणि श्रोत्यांमधून निवडलेले पाच परीक्षक पाट्या उंचावून गुण देणार. आता परीक्षकाचा हात सुरुवातीला आखडलेला असतो, पुढे पुढे सैल सुटतो. पहिला येणारा हकनाक मार खातो. म्हणून स्पर्धेत नसलेलं कुणीतरी सर्वांत आधी उभं करायचं, त्याच्यावर परीक्षकांनी हात साफ करून घ्यायचा, आणि त्याचे गुण कुठेच धरायचे नाहीत. त्याला अड्ड्यावर ‘बळी’ म्हणत. हा मान वर्षानुवर्षं ताईकडे होता. फोम आणि खिळ्यांवर चार गमतीच्या ओळी म्हणायची, कमी गुण घ्यायची, हसत खाली बसायची. तिला ते काम कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

डॉक्टरने पुकारा केला तेव्हा सगळे आधीच हसू लागले होते. धाकटा पहिल्या रांगेत काळा शर्ट घालून, हाताची घडी घालून बसला होता. ताई माइकपुढे उभी राहिली. पदराखाली मनगट सुजून टम्म झालं होतं. हे बोललं तर भाऊ जन्माचा तुटेल हे तिला कळत होतं. नाही बोललं तर खोलीवर कडी लावून बसलेली ती पोर पुन्हा त्याच भिंतीशी जाऊन बसेल...

“आज खिळ्यांची कविता नाही,” ती म्हणाली.

“माझा बाप मारायचा, तेव्हा पहिला फटका सगळ्यात मोठा असायचा. म्हणून पहिला नंबर मी लावायचे. माझा भाऊ खाटेखाली असायचा, ट्रंकेमागे. मीच त्याला ढकलायचे. तो कधीच मध्ये आला नाही. त्याने येऊ नये म्हणूनच तर मी पुढे व्हायचे.

नंतर तो बोलेना, तेव्हा मी त्याला सांगितलं की तू मध्ये आलास, तू मला वाचवलंस. लेकरू होतं ते. त्याने विश्वास ठेवला.

आज सकाळी त्याच्या घरात एक बाई भिंतीशी पडली होती. तिच्या केसांतून मी काचा काढून आले आहे.

खाटेखाली लपलास त्याची लाज नव्हती रे, राजा. लाज या काचांची आहे.”

कुणी टाळी वाजवली नाही. एका परीक्षकाने सवयीने पाटी उचलली आणि गोंधळून मांडीवर पालथी घातली. धाकटा उठला होता.

“खोटं बोलते ती!” तो ओरडला, आणि पुढचं सगळं एका झटक्यात झालं. त्याने माइकचा लोखंडी दांडा ओढून काढला. पहिल्या घावात स्पीकर फुटला, दुसऱ्यात वरची ट्यूबलाइट, आणि पांढऱ्या काचांचा सडा सोफ्यांवर पडला. लोक किंचाळत जिन्याकडे धावले. आवरायला गेलेल्या डॉक्टरच्या तोंडावर कोपर बसलं, आणि जन्मभर दुसऱ्यांचे दात काढणारा तो गृहस्थ स्वतःचा दात तळहातावर घेऊन खाली बसला. धाकट्याने दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. समोर ताई होती.

ती हलली नाही. तिने हातही वर केला नाही. फक्त हनुवटी छातीशी लावली, उतरलेला खांदा पुढे केला आणि शांतपणे म्हणाली, “मार. पहिला नंबर माझाच असतो.”

धाकट्याची नजर तिच्या चेहऱ्यावर ठरेना. ती खाली घसरली, पदरावरून खाली, पार जमिनीपर्यंत... आणि तिथेच खिळली. ताईची डावी टाच जमिनीपासून उचलली गेली होती. फटका झेलण्याआधी अंग सावरायला ती नेहमीच अशी उचलली जायची; तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असणारा जगात एकच माणूस होता, जो जमिनीला गाल लावून, ट्रंकेच्या आडून, श्वास रोखून बघत असे. ती टाच उचलली की त्याने कान झाकायचे, ती टेकली की फटके मोजणं थांबवायचं... ताईच्या पुढे, बापासमोर उभ्या राहिलेल्याला ती कधी दिसलीच नसती.

दांडा त्याच्या हातातून निसटून काचांत पडला.

“ताई,” तो म्हणाला. आवाज भडक्याचा नव्हता, ट्रंकेमागच्या पोराचा होता. “तुझी टाच उचलायची... मी बघायचो. मी तिथेच होतो.”

“हो रे. तिथेच होतास.”

तो तसाच काचांवर गुडघे टेकून बसला आणि हमसून हमसून रडला. पण ताईने त्याला जवळ ओढलं नाही. हात शिवशिवत होते, माया तर अशी दाटून आली होती की ऊर फुटेल असं वाटावं. तरी तिने स्वतःला आवरलं. एकदा फार लवकर समजूत घातल्याचं फळ तिच्या डोळ्यांपुढेच पडलं होतं.

जिन्यावरून काही लोक हळूहळू परत आले. डॉक्टरने तोंडाला रुमाल लावून, बोबड्या बोलीत, आजची फेरी रद्द असं सांगितलं. तेव्हा धाकटा उठून उभा राहिला. त्याच्या गुडघ्यांतून रक्त झिरपत होतं. गुण नकोत, म्हणाला, फक्त ऐका.

“मी खाटेखाली होतो. मला बूट दिसायचे. आज सकाळी ते बूट माझ्या पायात होते.”

एवढंच बोलून तो पोलीस चौकीच्या रस्त्याने चालू लागला. कुणी त्याला अडवलं नाही, ताईनेही नाही.

भावजय ताईच्या खोलीवर राहिली. तिने तक्रार नोंदवली आणि ताई साक्षीला उभी राहिली. लोक म्हणाले, सख्ख्या भावावर उलटली. खाण तशी माती, बापाचंच रक्त आहे दोघांत. धाकटा शिक्षा भोगून आला, स्पीकर भरून दिला, राग आवरायला शिकवणाऱ्या एका बाईंकडे नेमाने जाऊ लागला. ताईच्या खोलीच्या दाराशी तो यायचा, कडी वाजवायचा नाही, खालच्या पायरीवर थोडा वेळ बसून निघून जायचा. भावजय खिडकीतून बघायची आणि पडदा ओढायची. ताई दोघांचीही समजूत घालायला गेली नाही.

मग एकदा सुट्टीच्या दुपारी भावजय चप्पल घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मी पण अड्ड्यावर येते. त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी.”

वरच्या मजल्यावर नवी ट्यूब लागली होती. डॉक्टरने आपल्या नव्या दाताची टिंगल करून झाल्यावर विचारलं, बळी कोण? ताई सवयीने उठली. तेवढ्यात मागून एक हात तिच्या उतरलेल्या खांद्यावर आला, अगदी हलका, काच उचलावी तसा.

“तू बस, ताई,” धाकटा म्हणाला. “पहिला नंबर आता माझा.”

तो पुढे गेला. मागच्या सोफ्यावर बसलेली बायको त्याला दिसली. त्याने मान खाली घातली, आणि मग धीर करून वर केली. चेहऱ्याकडे बघून बोलायला तो नव्याने शिकत होता. परीक्षकांनी त्याला भरपूर कमी गुण दिले. भावजयीने टाळी वाजवली नाही, पण ती उठून गेलीही नाही.

ताई त्या सोफ्यावर बसली होती, जो तिनेच शिवला होता आणि ज्यावर ती आजवर कधी टेकली नव्हती. तिने पाठ मागे सोडली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. आणि कितीतरी वर्षं अधांतरी राहिलेली तिची डावी टाच हळूच जमिनीला टेकली.