माथेरानचा अनुभव

"यामिनी वैशंपायन?"

ॲन आर्बरच्या विद्यापीठात चार वर्षं काढली, पण माझं आडनाव एका दमात वाचणारा माणूस तिथे भेटला नव्हता. तो भेटला ॲरिझोनाच्या वाळवंटात, घोड्यांच्या कुंपणापाशी. धुळीने माखलेले बूट, हॅटखाली सावळा चेहरा, आणि हसावं की नाही हे अजून न ठरवलेले डोळे.

"मराठी?" मी विचारलं.

"देवांग. शुगर लँड, टेक्सस. घरी मराठीच बोलायचं असा आईचा रूल होता." त्याने हातातला फॉर्म पाहिला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "वॉव. तू ॲडव्हान्स्ड रायडर आहेस?"

खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं.

रँचवर, म्हणजे घोडेस्वारीच्या या सुट्टीच्या मुक्कामावर, येण्याआधी भरलेल्या त्या फॉर्ममध्ये 'घोडेस्वारीचा अनुभव' असा एक रकाना होता. मी विचार केला, आपण ठाण्याचे. पाच वर्षांची असल्यापासून सतराव्या वर्षापर्यंत दर मे महिन्यात माथेरानला घोड्यावर बसलोय. म्हणजे तेरा वर्षांचा अनुभव! संख्याशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलीने आणखी काय लिहायचं? केली 'ॲडव्हान्स्ड'वर टिक. त्या तेराही वर्षांत घोडेवाले काका दोरी धरून पुढे चालायचे आणि मी मागून "काका, दोरी सोडा ना!" म्हणून रडायचे. काका काही सोडायचे नाहीत. पण त्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

नैना, माझी रूममेट, बरोबर येणार होती. निघायच्या आदल्या दिवशी तिने पाय मुरगळून घेतला. ती असती तर तिने मला तिथल्या तिथे उघडं पाडलं असतं.

"लहानपणापासून बसते," मी म्हटलं. आणि तो हसला. झालं... त्या हसण्यापायी मी पुढचे तीन दिवस गप्प बसले.

तसं निभावतही होतं. माझा घोडा बिस्किट हा पुढच्या घोड्याच्या शेपटीमागे मुकाट चालणारा शहाणा प्राणी होता. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही निघायचो. दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीचे निवडुंग, आणि शेजारी आमच्या ग्रुपचा गाइड, देवांग.

"तू लगाम फार घट्ट धरतेस," तो एकदा म्हणाला.

"आमच्याकडे तशीच स्टाइल आहे."

"आणि डोळे मिटायची पण स्टाइल आहे?"

"धूळ जाते डोळ्यांत!"

"अच्छा... धूळ," म्हणत त्याने हॅट पुढे ओढली. हसू लपवायला, हे मला कळलं, आणि माझे कान तापले.

बुधवारी संध्याकाळी खोगिरं उतरवताना तो एकदम गंभीर झाला. "उद्या कॅरल आणि मी दौडीचा ग्रुप घेऊन जाणार आहोत. तुझ्या नावापुढे मी सही केलीय."

कॅरल म्हणजे रँचची मालकीण. साठीची, काटक, आणि एका नजरेत माणसाला जागच्या जागी उभं करणारी.

"हा माझा ट्रायल सीझन आहे," तो म्हणाला. "कॅरलने ठेवलं तर मी इथे. नाही ठेवलं तर परत ह्यूस्टन, परत पाइपलाइनची ड्रॉइंग्ज. दोन वर्षं केलं ते. बाबा म्हणतात, एक वर्ष घे, मग सीरियस हो. पण मी इथेच सीरियस आहे, यार." तो थांबला. "माझ्या सहीवर गेलेला गेस्ट पडला तर माझं इथलं संपलं. म्हणून परत विचारतो — तुला दौड येते ना?"

नाही म्हटलं तर उद्यापासून मी चालीच्या ग्रुपमध्ये, दुसऱ्या कुणाबरोबर. रविवारी विमान. आणि मला हा माणूस आवडायला लागला होता... अगदी झोप उडेल इतका.

"येते," मी म्हटलं.

रात्रभर तो एक शब्द मला टोचत राहिला. सकाळी पहिल्यांदा सांगून टाकायचं, असं ठरवून उठले. पण कुंपणापाशी पोचले तर कॅरल घोड्यावर चढलेली, बाकीचे तिघे पाहुणे तयार, आणि देवांग बिस्किटला धरून माझीच वाट बघत उभा. मी निमूट रिकिबीत पाय टाकला.

तासभर आम्ही चालीनेच गेलो. वाटेत एक वॉश लागला. वॉश म्हणजे नुसती वाळूची कोरडी नदी. तो ओलांडून टेकडीवर पोचलो, आणि कॅरलने घोडा वळवला. ऑगस्टमधले ढग एरवी दुपारी चारनंतर यायचे. त्या दिवशी दहालाच डोंगरामागचं आभाळ काळंनिळं झालं होतं.

"वर पाऊस पडतोय," ती म्हणाली. "वॉशमध्ये पाणी यायच्या आत पलीकडे जायचं. सगळ्यांनी दौड."

वीज कडाडली. बिस्किटचे कान ताठ झाले, त्याचं अंग माझ्या मांड्यांखाली थरथरायला लागलं. बाकीच्यांनी लगाम सैल सोडले.

"देवांग, थांब! मला येत नाही."

"काय येत नाही?"

"घोडा! काहीच येत नाही!"

"पण लहानपणापासून—"

"माथेरान!"

"माथेरान म्हणजे काय?"

आभाळ डोक्यावर फाटत होतं आणि मी त्याला माथेरान समजावत होते. "हिल स्टेशन आहे! तिथे एक काका दोरी धरून पुढे चालतात! मी नुसती बसते!"

तो चिडला नाही. तेच जास्त लागलं मला. मग ओरडून त्याने कॅरलला बाकीच्यांना घेऊन पुढे जायला सांगितलं, दोरी काढली आणि बिस्किटला आपल्या घोड्यामागे बांधून घेतलं.

"दोन्ही हातांनी खोगीर धर. खाली बघू नको, माझ्या हॅटकडे बघ."

घोडे दुडक्या चालीने निघाले. माझी हाडं खिळखिळी होत होती, टपोरे थेंब तोंडावर फटकारत होते. समोर त्याची हॅट, आणि मनात एकच: याची नोकरी मी घालवली. वॉशपाशी आलो तेव्हा वाळूवरून पाण्याची पातळ, तपकिरी धार काड्याकुड्या घेऊन येत होती. घोट्याएवढीच होती, पण बिस्किट अडला. देवांगने दोरी ओढली नाही. हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत राहिला, आणि बिस्किटने पाय टाकला. पलीकडचा चढ चढलो, आणि मागे गडगडाट झाला. वळून पाहिलं तर आमच्या वाटेवरून अख्खं झाड वाहत चाललं होतं.

रँचवर कॅरल वाट बघत होती. "हिला दौडीच्या ग्रुपमध्ये कुणी घातलं?"

"मी खोटं लिहिलं," मी घाईघाईने म्हटलं. "त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी खोटं बोलले. चूक माझी आहे."

देवांगने हॅट काढली. "दौडीआधी टेस्ट घ्यायचा नियम आहे. मला शंका होती, तरी मी घेतली नाही."

"का?"

"कारण ती फेल झाली असती," तो म्हणाला, "आणि मग ती माझ्याबरोबर नसती."

हे त्याने इंग्रजीत, आपल्या बॉससमोर, निथळत उभं राहून सांगितलं. मी शेजारचं कुंपणच धरलं.

कॅरलने आपली ओली हॅट झटकली. "रविवारपर्यंत लहान मुलांचा ग्रुप तू नेणार. पायी. हीसुद्धा त्यातच. तुझ्या नोकरीचं सीझन संपल्यावर बघू." जाता जाता ती थांबली. "दोरी मात्र नीट बांधली होतीस. तेही मी पाहिलंय."

शुक्रवारी सकाळी ओल्या झुडपांचा उग्र, औषधी वास सुटला होता. पुढे तीन चिमुरडी आपापल्या तट्टांवर ऐटीत, मागे बिस्किटवर मी, आणि दोरी धरून पायी देवांग.

"माथेरान असंच असतं?"

"तिथे माकडं असतात. बाकी डिट्टो, काका."

"काका म्हणू नको हं!"

"मग काय म्हणू?"

तो मागे न बघता चालत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "नोव्हेंबरमध्ये सीझन संपतो. तेव्हा ॲन आर्बरला... खूप थंडी असते?"

"असते. जाड जॅकेट आण."

"आणि कॅरलने ठेवलं नाही तर?"

"तरी ये."

वाट सरळ झाली. तो थांबला, बिस्किटच्या मानेवर हात ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता चांगली बसतेस. दोरी सोडू?"

तेरा वर्षं मी हेच मागत आले होते.

"नको," मी म्हटलं. "सोडू नको."