मधली डिस्क

त्या दुपारी आधी कोण बोललं, पत्नी संजीवनीबाई की आपण, हे भोईर सरांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. पंचाहत्तरी उलटल्यावर आठवणींवर कितपत भरवसा ठेवावा? जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा पुन्हा मोजून बघा, असं पोरांना सांगितलं. म्हणून ती दुपारही त्यांनी मनात कितीदा तरी मोजून पाहिली आहे. उत्तर दर वेळी तेच येतं, आणि दर वेळी आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं.

गोष्ट साधीच होती. काचबिंदूने संजीवनीबाईंची दृष्टी जात चालली होती. "थोडा उजेड उरलाय. काय बघायचं ते बघून घ्या," असं बदलापूरच्या डॉक्टर सुषमाताईंनी पावसाळ्यात सांगितलं. घरी आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "मला जयदेवला एकदा बघायचंय."

जयदेव त्यांचा एकुलता एक मुलगा. चोविसाव्या वर्षी बारवीच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याची चालतीबोलती छबी एकाच कॅसेटमध्ये उरली होती. मोरिवलीच्या या घराची वास्तुशांत झाली तेव्हाची. तो बारा वर्षांचा होता.

उल्हासनगरात व्हिडिओचं दुकान चालवणाऱ्या मुकेशने कॅसेट उजेडात धरली. "सर, फंगस लागलाय. एकदाच चालेल, फिर खतम."

तसंच झालं. चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरलं आणि फीत तुटली. पण उतरलेलं चित्र इतकं काळोखं, की धडधाकट डोळ्यांनाही चेहरे ओळखू येईनात. एकेक चौकट उजळून, मोठी करून सगळी फिल्म नव्या फाइलमध्ये एन्कोड करायला हवी होती. सरांचा जुना कॉम्प्युटर त्या ओझ्याखाली दर वेळी मध्येच मान टाकी.

"सगळा लोड एकाच हार्ड डिस्कवर टाकता तुम्ही," मुकेश म्हणाला. "एकच बाई चूल पण बघणार, नळावर पण पळणार, तर भाकरी जळणारच ना! तीन लावा. पहिलीतून वाचायचं, मधलीवर कच्चं काम, तिसरीवर पक्का माल. काम झालं की मधली आपोआप साफ."

दोन डिस्क होत्या. तिसरी जयदेवच्या कपाटात सापडली. जायच्या आधी त्याने हौसेने आणलेली, वेष्टनसुद्धा न फाडलेली. सरांचा हात अडखळला.

"लावा की," बाई म्हणाल्या. "त्याचीच आहे, त्याच्याच कामाला येऊ दे. आणि पीएच.डी. केलीत ना तुम्ही? तीन डबडी जोडायला असे किती महिने लावणार?"

महिने खरंच गेले. सर केबल लावत, काढत, पुन्हा लावत. डिस्कांचा क्रम चुकला तर? मूळ फाइलच पुसली गेली तर? या धास्तीत त्यांना दुसरं काही सुचेना. बाईंना डॉक्टरांकडे न्यायचं कामही शेजारच्या इंदुबाईंनीच अंगावर घेतलं.

फिल्म तयार झाली ती भोगीच्या दिवशी. स्वयंपाकघरातून तिळाच्या भाकरीचा वास येत होता आणि त्यात कारखान्यांचा नेहमीचा आंबूस वास मिसळला होता. बाईंना नीट दिसावं म्हणून सरांनी पडदे ओढले. भरदुपारी खोलीत काळोख झाला. टीव्हीवर मंत्र सुरू झाले, बायकांचा गलका आला, आणि त्यातून जयदेव खिदळला. बाई हसल्या. मग पदराने डोळे पुसू लागल्या.

शेवटी तो कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतो. फीत तिथेच संपली होती, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. आवाज थांबला. सर बटण बंद करायला टेबलाखाली वाकले.

तेव्हा त्यांना ती घरघर ऐकू आली.

फिल्म चालत होती तिसऱ्या डिस्कवरून. पहिली त्यांनी सोडवून ठेवली होती. मधली तर रिकामी; तिला कोणी काही विचारायचं कारणच नव्हतं. पण घरघरत होती ती मधलीच. सरांनी तिच्यावर बोट ठेवलं. ऊन लागली... अंगात कसर असावी तशी थरथरत होती.

"अहो..." बाई हळूच म्हणाल्या. "केवढा उंच झाला हो..."

टीव्हीतून आवाज येत नव्हता. कसलाच.

"आणि कानाजवळ... पिकलाय. इतक्यात?"

सरांनी डोकं वर काढलं. पडद्यावर याच घराचं दार होतं. दारात एक माणूस उभा होता. कानाजवळचे केस पांढरे, हनुवटी जयदेवची. तो असता तर छत्तीस वर्षांचा असता.

"अरे, दारात काय उभा?" बाई पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या. "ये ना आत..."

त्याने उंबरठ्यावरून पाऊल उचललं. घरघर थांबली. पडदा काळा झाला.

मागच्या खऱ्या दाराकडे वळून बघण्याचं धाडस सरांना झालं नाही. पाठीवर थंड हवेची झुळूक आल्यासारखं वाटलं. तेही खरं की मनाचं, कोण जाणे. कितीतरी वेळाने त्यांनी फिल्म पुन्हा लावली. ती हात हलवण्यापाशीच संपली. मधली डिस्क तपासली. कोरी होती.

"तुला... काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला दिसलं तेच," बाई म्हणाल्या. "चला, भाकरी गार होतेय."

त्यानंतर त्या कधीच त्या फिल्मविषयी बोलल्या नाहीत. मुलगा बघून झाला, अशी स्वस्थता त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. पुढच्या वर्षी झोपेतच गेल्या.

मध्ये काही वर्षं गेली. मोतीबिंदू झाला म्हणून सर स्वतःच सुषमाताईंकडे गेले. तपासता तपासता त्या म्हणाल्या, "काकूंची कमाल होती हं, सर. शेवटपर्यंत तुम्हाला कळू दिलं नाही ना?"

"काय कळू दिलं नाही?"

डॉक्टरांनी हातातला टॉर्च बाजूला ठेवला. "दिवाळीच्या आधीच दोन्ही डोळे पूर्ण गेले होते त्यांचे. टॉर्च समोर धरला तरी उजेड कळत नव्हता. 'ह्यांना सांगू नका, माझ्यासाठी काहीतरी करतायत, हुरूप जाईल त्यांचा,' म्हणाल्या."

सरांनी त्यांना महिना पुन्हा बघायला लावला. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. ऑक्टोबरच होता.

भोगी जानेवारीत येते.