अकराव्या खोलीतला ‘तू’

लोक विचारतात, तुम्ही काय करता? मी म्हणते, खोल्या लिहिते. मग ते म्हणतात, अच्छा, म्हणजे भाड्याने देता का? समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय. ‘हो, पण भाडेकरू टिकत नाहीत,’ म्हणते आणि विषय संपवते.

खरं म्हणजे मी टेबलावर खेळायच्या मोहिमा लिहिते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार मी लिहिलेलं वाचून दाखवतो : तुम्ही दार उघडता, समोर अमुक आहे, कोपऱ्यात तमुक आहे. पुढे काय करायचं ते खेळणारे बोलून ठरवतात, अडलं की फासे टाकतात. मी कुणाच्या नोकरीत नाही. जो प्रकाशक काम देईल त्याचं करते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीकडे पाठ करून. समोर खिडकी असली की मी ढगच बघत बसते.

मोहिमेतला काही मजकूर चौकटीत छापतात. तो सूत्रधाराने शब्द न् शब्द मोठ्याने वाचायचा असतो. त्याचे नियम कडक. काय दिसतं, काय ऐकू येतं, कसला वास येतो, एवढंच लिहायचं. खेळणाऱ्याला काय वाटलं ते लिहायचं नाही. आणि कायम ‘तुम्ही’. टेबलावरचे सगळे मिळून ‘तुम्ही’. सोळा वर्षांत मी चौकटीत एकदाही ‘तू’ लिहिलेलं नाही, असं गेल्या वर्षापर्यंत मी छातीठोकपणे सांगत होते.

माझी धाकटी बहीण माझी पहिली परीक्षक. मी वाचायचं, तिने एक पाय मुडपून खुर्चीत बसायचं, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यावर चप्पल लोंबकळत ठेवायची आणि नेमकं नको ते विचारायचं. ‘ताई, हा राक्षस तळघरात आला कसा? जिना एवढुसा. घडी घालून आणला का त्याला?’ जीव खायची अगदी. पण तिने ‘चालेल’ म्हटलेली मोहीम कधी पडली नाही.

गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. साधंच होतं, चार दिवसांत घरी सोडणार होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी बसून धरणाची मोहीम संपवत होते. जुन्या धरणाच्या पोटात बारा खोल्या, पाणी चढत चाललंय, त्याच्या आत बाहेर पडायचं. अकरावी खोली नुकतीच लिहून झाली होती. तीन वीसला तिचा मेसेज आला, ‘ताई, येतेस का? कंटाळले.’ लॅपटॉपवर एका बाजूला मेसेज, एका बाजूला मोहीम, असं मी नेहमी उघडून ठेवते. मी कीबोर्डकडे बघत उत्तर टाइप केलं आणि बाराव्या खोलीला हात घातला. म्हटलं, एवढी एक उरकून निघू.

पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. नर्सबाई तिच्या खाटेवरची चादर बदलत होत्या. रक्ताची गाठ, डॉक्टर म्हणाले. चार दहाला.

तिचा फोन उशाच्या कपाटात होता. शेवटचा मेसेज तिचा. त्याखाली काही नाही. माझ्या फोनमध्येही काही नव्हतं. मी उत्तर दिलं होतं, मला पक्कं आठवत होतं. आई म्हणाली, “राहू दे गं, गडबडीत राहून गेलं असेल.” गडबडीत! मला कसलीच गडबड नव्हती, तेच तर आजही खातं मला. ती पाऊण तास फोनकडे बघत बसली असेल, आणि मी धरणातलं पाणी किती इंच चढवायचं याचा हिशेब करत होते.

ती फाइल मी पुन्हा उघडली नाही. चार महिन्यांनी संपादकांचे फोन सुरू झाले, तेव्हा न वाचताच पाठवून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच.

छापण्याआधी मोहीम चाचणीला जाते. वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांना न ओळखणारी तीन टेबलं ती खेळून बघतात आणि सूत्रधार एक तक्ता भरून पाठवतो. खोलीचा नंबर, वेळ किती लागला, कुठे अडलं, शेरा.

पहिला तक्ता आला. अकरावी खोली मी दम घ्यायला ठेवलेली, पाच मिनिटांची. पंप चालवणाऱ्यांची बसायची जागा, दुसरं काही नाही. तक्त्यात लिहिलं होतं, ‘अकरा : पन्नास मिनिटं. खोलीत काही नाही, तरी मंडळी निघायला तयार होईनात.’ मी म्हटलं, असतात काही टेबलं चिकट.

दुसऱ्या तक्त्यात होतं, ‘अकरामधल्या बाईला नाव द्या. खेळाडू विचारतात.’

मी खोलीत बाई ठेवलेली नव्हती. सूत्रधार पदरचं घालतात, त्यातला प्रकार असेल म्हणून मी पुढे गेले.

तिसरा तक्ता एका निवृत्त गणिताच्या सरांचा होता, अक्षर मोत्यासारखं. ‘अकरा : बाई बाकावर एक पाय मुडपून बसली आहे, एकच चप्पल, तीही अंगठ्यावर. ती विचारते, ताई निघाली का? यावर काय उत्तर द्यायचं ते मजकुरात सापडलं नाही. मी “माहीत नाही” म्हटलं. चुकलं का?’

मी तो कागद टेबलावर पालथा घातला आणि उगाच ओटा पुसत बसले. मग फाइल उघडली. अकरावी खोली, चौकट.

‘खोली लांबट आहे. भिंतीला सात खुंट्या, सगळ्या रिकाम्या. कोपऱ्यात नळ ठिबकतो. भिंतीशी एक बाक आहे. बाकावर धूळ आहे, फक्त एका माणसाच्या जागेपुरती नाही. तू थांब. मी आलेच.’

शेवटची दोन वाक्यं मी पुन्हा वाचली. माझं उत्तर. तिला पाठवलेलं. ते चुकीच्या बाजूला टाइप झालं होतं. तिच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि तीन गावांत तीन परक्या माणसांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

मी संपादकांना फोन लावला. “ती ओळ होय?” ते म्हणाले. “मला वाटलं, मुद्दाम टाकलीय. काय काटा येतो हो अंगावर! तुम्ही कधी ‘तू’ लिहीत नाही, म्हणून तर मी हात नाही लावला.”

“ती चूक आहे.”

“मग काढा. पण मंगळवारच्या आत कळवा, बुधवारी छपाईला जातंय. मला विचाराल तर राहू द्या. दोन हजार प्रती काढतोय.”

दोन हजार टेबलं. प्रत्येक टेबलावर कुणीतरी तिला थांब म्हणून सांगणार आणि ती थांबणार. ती तशीच होती, सांगितलं की थांबायची. आणि ओळ काढली तर? तर ती कुठे बसणार होती, हे मला कोण सांगणार होतं? मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. राक्षस विकून पोट भरते मी. पण माझ्या धाकटीला उत्तर मिळालेलं नव्हतं आणि ते मीच द्यायला हवं होतं.

मी सरांना फोन केला. “ती बाई तुम्हाला कुठे सापडली?”

“कुठे म्हणजे? तुम्हीच लिहिलीय की.”

“कितव्या पानावर?”

पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

“आत्ता दिसत नाहीये,” सर म्हणाले. “पण वाचलं होतं हो मी. मी गणिताचा माणूस, मला स्वतःहून कुठलं काय सुचतंय?” मग म्हणाले, “रविवारी पुन्हा खेळणार आहोत. मंडळींनीच हट्ट धरलाय. तुम्ही येता का?”

रविवारी सकाळी अकराला मी त्यांच्या घरी गेले. पहिल्या मजल्यावरची जेवणाची खोली, काच लावलेलं टेबल, भिंतीला टेकून पुस्तकांचे गठ्ठे. खेळायला सरांची पत्नी, त्यांचा दातांचा डॉक्टर जावई आणि शेजारचा टॅक्सीवाला. चाचणीला लेखक आला तर त्याने भिंतीशी बसायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं, असा दंडक आहे. मी भिंतीशी स्टुलावर बसले.

सरांच्या पत्नीने चहा आणला. सहा कप. आम्ही पाच होतो.

“मोजायला चुकले वाटतं,” त्या म्हणाल्या. पण सहावा कप त्यांनी परत नेला नाही. रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

पहिल्या दहा खोल्या झकास झाल्या. टॅक्सीवाला पाण्याला भिऊन प्रत्येक दारात आधी जावयाला ढकलत होता. “डॉक्टर, तुम्ही पुढे व्हा, तुम्हाला उघडी तोंडं बघायची सवय आहे.” मलाही हसू आलं. बसमध्ये येताना मी वाक्य पाठ करून आले होते. तू जा आता. माझी वाट बघू नकोस. एवढंच म्हणायचं, मग घरी जाऊन ओळ खोडायची.

सरांनी पान उलटलं. अकरावी खोली.

ते वाचत गेले. खुंट्या, नळ, बाक. शाळेत गणित सांगावं तसा सपाट आवाज. “तू थांब. मी आलेच.”

कुणी फासे उचलले नाहीत.

“तिला विचारा तरी,” सरांच्या पत्नी हळूच म्हणाल्या. “कधीची बसलीय बिचारी.”

सरांनी पानावर बोट फिरवलं. एका जागी थांबवलं. “आहे इथे,” ते म्हणाले. “तीन वीसपासून.”

मी ते लिहिलेलं नव्हतं. ती वेळ मी आईलासुद्धा सांगितलेली नव्हती. उठून पान बघायला हवं होतं. मी नाही बघितलं.

सरांचं बोट खालच्या ओळीवर गेलं.

“ताई निघाली का?”

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते त्यांनाही कळलं नसावं. मग सगळ्यांनीच बघितलं.

मी उठले. तू जा, म्हणायचं होतं. दोनच अक्षरं. पण आमच्या घरात निघतानासुद्धा कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. ‘जाते’ म्हटलं की आई उंबऱ्यातून परत आत घ्यायची. त्या पोरीला मी जन्मात कधी ‘जा’ म्हटलं नव्हतं.

“सरक जरा,” मी म्हटलं. “मला बसू दे.”

खुर्ची सरकली.

वीतभर. फरशीवर पाय घासल्याचा आवाज झाला. टॅक्सीवाल्याने टेबलाखाली वाकून बघितलं आणि परत सरळ बसला.

मी त्या खुर्चीच्या कडेवर बसले. अर्धीच मिळाली, नेहमीसारखी.

किती वेळ बसले, आठवत नाही. कुणी घाई केली नाही. सरांच्या पत्नीने डोळे पुसले. कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. मग सर म्हणाले, “पुढे घ्यायचं का?” आणि बारावी खोली सुरू झाली. पाणी चढायच्या आत मंडळी बाहेर पडली. जाताना सरांनी तक्ता दाखवला. अकरा : पाच मिनिटं. शेरा नाही.

सोमवारी मी ओळ काढली. स्वतःच्या हाताने. संपादकांनी हळहळ केली, मी ऐकून घेतली. त्या दिवशी दुपारी मी लहान मुलासारखी रडले, आणि वर्षभरात पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. छापील प्रत आली तेव्हा आधी अकरावी खोली उघडली. ‘एका माणसाच्या जागेपुरती नाही.’ पूर्णविराम. चौकट बंद. मी बोट फिरवून बघितलं, काही नव्हतं.

दोन महिन्यांनी संपादकांनी वाचकांची पत्रं पाठवली. बहुतेक सगळ्यांना पाणी आवडलं होतं. एक पत्र कुठल्याशा गावातल्या शिंपीकाम करणाऱ्या बाईंचं होतं. त्या आपल्या दोन मुलींना घेऊन खेळतात.

‘मोहीम फार आवडली,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘त्यातही अकराव्या खोलीतल्या दोघी बहिणी. धाकटी किती बोलते! मोठीने मात्र आमच्या मुलींकडे असं बघितलं, की माझी थोरली न राहवून म्हणाली, चला आमच्याबरोबर. ती मोठी बहीण लगेच उठली हो. पण धाकटी तिचा हात काही सोडेना.’