नदीचा लेअर

बल्गेरियातल्या रूसे शहरात एका लहानशा स्टुडिओत रालित्सा कॉम्प्युटरवर कार्टूनपटांच्या पार्श्वभूमी रंगवायची. पात्रं दुसरे काढत. त्यांच्या पाठीमागचं जग तिचं. त्या सोमवारी तिच्यापुढे होतं खिडकीतून दिसणारं दृश्य. सर्वांत मागे आकाश, मग डॅन्यूबचा पलीकडचा काठ, मग नदी, बोटींचा धक्का, गल्ली, कोपऱ्यावरच्या घराचं दार आणि सगळ्यांच्या पुढे जिरेनियमच्या कुंडीसकट खिडकीची चौकट. प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेअरवर, वेगळ्या पारदर्शक थरावर, म्हणजे एखादी पुसली तरी मागच्या चित्राचं काही बिघडत नाही.

नेव्हेना पाठीमागून डोकावली. ती सगळ्यांची चित्रं तपासून पुढे पाठवायची आणि तपासता तपासता टोमणे मारायची.

"दार नव्या नवरीसारखं दिसतंय गं. आपल्या गावात दारावर शोकपत्रक नाही, म्हणजे घर काय कालच बांधलंय? चिकटव दोन-चार."

"लावते, ताई."

गेलेल्या माणसाचं नाव आणि फोटो छापून दारावर चिकटवायची तिथली रीत. खोटी नावं, खोटे चेहरे घालून रालित्साने तीन पत्रकं केली. तिन्ही खोटीच दिसत होती. पावसाने फुगलेला कागद, ओघळलेली शाई हे काही हाताने जमेना. खरा कागद तिच्या खणात होता. तिचा नवरा यावोर मालवाहू बोटीवर कामाला होता. ऑक्टोबरात तो विदीन बंदराजवळ पाण्यात पडला आणि सापडला नाही. चाळिसाव्या दिवशी सासूबाईंनी त्याच्या नावाची पत्रकं छापून सगळीकडे लावली, रालित्साच्या दारावरसुद्धा. तिने ते त्याच संध्याकाळी भर पावसात ओरबाडून काढलं होतं. नदीने माणूस परत दिला नाही, मग मी दारावर कशाला कबूल करू, असं तिचं म्हणणं. सासूबाई तेव्हापासून बोलत नव्हत्या.

तिने तो कागद स्कॅन केला, नखाएवढा करून दाराच्या लेअरवर बसवला. एवढीशी अक्षरं कोण वाचतंय! दार मात्र एकदम खरं दिसू लागलं.

मंगळवारी पलीकडच्या काठावर एक ठिपका होता. तिने पुसला. पेन कुठेतरी चुकून टेकलं असणार.

बुधवारी तो नदीच्या लेअरवर होता. मोठं करून पाहिलं तर माणूस, कमरेपर्यंत पाण्यात.

"ताई, माझ्या फाइलला तुम्ही हात लावलात का?"

"मला माझ्या फायलींतून मान वर काढायला सवड नाही, तुझ्यात कुठे शिरू?"

रालित्साने सगळे लेअर कुलूपबंद केले आणि घरी गेली. गुरुवारी सकाळी माणूस धक्क्यावर होता. लोकरी टोपी, आणि डावा खांदा जरासा उतरलेला. यावोरचं ते हाड शाळेत असताना मोडलं होतं आणि वेडंवाकडं जुळलं होतं. ही गोष्ट तिला ठाऊक होती आणि सासूबाईंना. तिसऱ्या कुणाला नाही.

ती घाबरली नाही. घाबरायला हवं होतं, हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिच्या मनात एकच होतं: तो येतोय. रोज एक लेअर पुढे. पुढे गल्ली, मग दार, मग खिडकीची चौकट, आणि चौकटीच्या पुढे कोणताही लेअर नाही. चौकटीच्या पुढे ती स्वतः बसली होती. चित्र शुक्रवारी पाच वाजता जायचं होतं, सगळे लेअर एकात मिसळून, कायमचं. तेवढ्यात पोचेल ना? त्या रात्री तिने त्याचा स्वेटर धुऊन रेडिएटरवर वाळत घातला.

शुक्रवारी तो दारापाशी होता, एका रात्रीत गल्ली ओलांडून.

तिच्याकडे पाठ करून. टोपी हातात, मान वाकवलेली. रस्त्यात पत्रक दिसलं की गावातला कुणीही थांबून उभा राहतो, तसा.

तो वाचत होता.

तेव्हा तिला उमगलं. याला ठाऊकच नव्हतं. हा आपला घरी यायला निघाला होता.

"वाचू नकोस," ती मोठ्याने म्हणाली. "यावोर, मी नाही लावलं ते. म्हणजे लावलं, पण तसं नव्हे रे!"

तिने कागद पुसला. दार पुसलं. पापणी लवली, तेवढ्यात तो गल्लीतून गेलेला होता. धक्क्याच्या कडेला होता, तोंड पाण्याकडे.

लेअर दाखवायला-लपवायला प्रत्येकापुढे डोळ्याचं चिन्ह असतं; तिने झटकन नदीच्या लेअरपुढचा डोळा बंद केला. नदी नाहीशी झाली. धक्क्यापलीकडे रिकाम्या जागेच्या नुसत्या राखाडी-पांढऱ्या चौकड्या राहिल्या.

तो थांबला.

दिवसभर ती जागची हलली नाही. तो धक्क्याच्या कडेला उभा, ती त्याच्या पाठीकडे बघत. माझं चुकलं, म्हणाली. चार महिने रोज दोन ताटं मांडते, म्हणाली. दुपारी कधीतरी त्याची मान थोडी वळली, एक गाल दिसला. तेवढ्यानेही तिला रडू फुटलं.

पाचला नेव्हेना आली. बघत राहिली.

"धक्क्यावर माणूस कुणी सांगितला होता?" मग आवाज खाली आला. "राहू दे. कुणाला काढलंयस ते कळतंय मला. छान आलाय. दार मात्र पुसलंयस, ते जुन्या प्रतीतून आण. आणि नदी कुठाय?"

"आज नको, ताई. सोमवारी पाठवू."

"तिकडे सोफियात चित्राची वाट बघणारी माणसं फोनवर बसलीत, पोरी. नदीशिवाय काय पाठवू, बुद्धिबळाचा पट?"

रालित्साने त्या गालाकडे पाहिलं. इतका वेळ थांबलाय. मान वळवलीय. आता नाही जाणार.

"थांबशील ना?" ती पुटपुटली आणि डोळा उघडला.

नदी आली. धक्का रिकामा होता.

"अगं, कुठे गेला? कशाला पुसलास?" नेव्हेना म्हणाली. "असू दे. पाणी सुरेख झालंय."

धक्क्याच्या अगदी जवळ, सपाट रंगवलेल्या पाण्यावर, एक गोल तरंग होता. तो तिने काढलेला नव्हता. नेव्हेना जुन्या प्रतीतलं दार शोधून आणेपर्यंत तो आणखी थोडा रुंद झाला होता.