गाडीच्या कव्हराखाली

कन्नौदच्या रस्त्यावर ऋतिकाची गाडी बंद पडली, तेव्हा धक्का मारायला धावलेला धीरज तिच्याच देवासचा, घरच्या ओळखीतला मेकॅनिक निघाला... आणि तिथेच बाईसाहेबांचा जीव अडकला! मग काय, गाडीत जरा खुट्ट झालं की ही त्याच्या गॅरेजवर हजर.

आज मात्र बिघाड खरा होता. अंधार पडला की मीटर दिसेना. मीटरचा प्रकाश कमी-जास्त करणारं डिमरचं चाक कितीही फिरवा, उजेडाचं नाव नाही. आणि रविवारी याच गाडीने धारला जायचं होतं, साखरपुड्याला. तिच्याच.

भर दुपारी मीटरचा मिणमिणता उजेड कळणार कसा? तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून धीरजने अख्ख्या गाडीवर जाड कव्हर ओढलं, आत शिरला आणि शेजारच्या सीटवरून स्टिअरिंगखाली वाकला. आत मिट्ट काळोख, उकाडा, त्याच्या अंगाला ग्रीसचा वास.

"मागचे लाइट लागतायत, म्हणजे फ्यूज ठीक आहे. बल्बही चांगले आहेत. डिमर फिरवा... हळू."

"फिरवतेय. तू का तोंड फिरवून बोलतोयस?"

"काम करू द्या ना!"

"कर की. रविवारनंतर कोण छळणार आहे तुला?"

तो वायरी चाचपत राहिला. किती वाट बघायची माणसाने?

"भैयासाहेबांशी एकदा बोल," ती म्हणाली. वडिलांना घरात सगळे भैयासाहेबच म्हणत, तीसुद्धा. "तू विचारलंस तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. पण विचार तरी!"

"माझ्या वडिलांनी जन्मभर त्यांच्या गाड्या धुतल्या, ऋतिका. कोणत्या तोंडाने बोलू?"

पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती त्याने.

"बरं, मी आवडते की नाही, एवढं तर सांग. अंधार आहे, लाजू नकोस."

"आवडतेस..." तो पुटपुटला. "फार आवडतेस. झोप उडालीय माझी."

त्याने चाचपतच डिमर बाहेर काढला, आतला खरखरीत जळका थर घासून पुसला, परत बसवला. "आता फिरव."

तिने चाक फिरवलं. हळूहळू हिरवट उजेड चढला, आणि दोघांना एकमेकांचे डोळे दिसले. भरलेले. ती रडता रडता हसली.

"बोलशील ना?"

त्याने मान हलवली – हो.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी कव्हर खस्सकन ओढलं. रखरखीत ऊन आत घुसलं. समोर भैयासाहेब!

"झालं का भिया?" त्यांनी धीरजला विचारलं. "बरं ऐक, रविवारी धारला गाडी तूच चालव. तू तर घरचाच आहेस."

ऋतिकाने धीरजकडे पाहिलं. बोल ना रे... आता तरी बोल!

धीरज खाली उतरला. कापडाने हात पुसत राहिला, पुसतच राहिला.

"जी, भैयासाहेब."

संपलं. तो तिच्याकडे बघतही नव्हता.

भैयासाहेबांनी खिडकीतून डोकावलं. "लागला का गं लाइट?"

"लागलाय," ऋतिका म्हणाली. "उन्हात दिसत नाही."