सगुणाचा हॉर्न

चाकणच्या कोंडीरामची भाड्याची मोटार म्हणजे मांडवात रुसलेला जावई. सेल्फ लागेल तर शपथ. मग तो पुढे उभा राहून हँडल मारायचा आणि बायको सगुणा आत बसून पायाने रेस द्यायची. उघड्या बॉनेटमुळे एकमेकांची तोंडं दिसत नसत, म्हणून तयार झाली की ती एकदाच हॉर्न वाजवायची. साऱ्या आळीला हसू फुटे, पण बाई ऐटीत बसून असे.

त्या दिवशी गोवऱ्या काढताना तिला साप चावला. कोंडीरामने तिला मागच्या सीटवर आपल्या आईच्या, अंबूबाईच्या मांडीवर निजवलं आणि पुण्याच्या दवाखान्याकडे मोटार पिटाळली. दिवेलागणीला इंद्रायणीच्या पुलावर ती बंद पडली. खाली पाण्याचा आवाज, बाकी सगळं चिडीचूप.

"आये, पुढं ये. म्या हँडल मारतो, तू ह्ये रेसचं पेडल दाब."

"मला मेलीला काय कळतंय…" म्हणत अंबूबाई पुढे बसली. ती भलत्या वेळी दाबायची, इंजिन नुसतं खोकायचं. पेट्रोलचा वास नाकात बसला. तेवढ्यात हॉर्न वाजला. एकदाच.

"आये, हॉर्नला हात लावू नगं!"

"न्हाई रं लावला…"

शॉर्ट झालं असेल, असं म्हणून त्याने हॉर्नची वायरच उपटली, खिशात कोंबली आणि देवाचं नाव घेऊन हँडल मारलं. या खेपेला रेस बरोबर हव्या त्या क्षणी आली. इंजिन धडधडलं. कोंडीरामच्या जिवात जीव आला.

"जमलं की गं, आये!"

"मी कवाच मागं आले…" मागच्या सीटवरून अंबूबाईचा आवाज आला. "सगुणा बोलंना रं… हात गार पडलाय…"

त्याने आत पाहिलं. पुढची सीट रिकामी होती. रेसचं पेडल खाली दबलेलं होतं. ते हळूहळू वर आलं आणि इंजिन विझलं.

सगुणा गेली होती. कोंडीराम पुलाच्या कठड्याशी मटकन बसला. आता कुठं जायचं, आणि कशासाठी?

अंधार दाटला. खिशातली वायर त्याच्या मुठीत होती, आणि हॉर्न वाजला. एकदाच.

"कोंडीराम… उठू नगं, लेकरा…" अंबूबाई पुटपुटली.

त्याने हँडल केव्हाच उचललं होतं.