अव्वांनी काय विचारलं?

पॅरामेडिक सुष्मितानं ड्युटीवर येऊन अँब्युलन्सचं दार उघडलं, तर ड्रायव्हरच्या सीटवर एक अनोळखी तरुण मजेत भडंग खात बसलेला.

"ओ पावणं, ही सीटा भरून न्यायची वडापची गाडी न्हाय. उतरा!"

"बाळासो रजेवर हायत मॅडम. आजच्या दिवस ड्रायव्हर मी. अमरेश." त्यानं पुडी पुढं केली. "घ्या की."

"ड्युटीवर खायचं नसतं," ती म्हणाली... आणि मूठभर घेतलंच.

तेवढ्यात फोन आला. नृसिंहवाडीच्या घाटावर एक बाई बसल्या होत्या, त्यांना उठवतच नव्हतं.

बसम्मा सीमेपलीकडच्या. साठी उलटलेली, साखरेचा त्रास. "आई उन्हानं थकलीय, जरा पडली की बरी होईल," मुलगा शिवशरण सांगत होता. सुष्मिताला मात्र तो गार घाम खटकला. चेहराही राखेसारखा पडलेला. पण तिचे प्रश्न बसम्मांना कळेनात. त्यांना फक्त कन्नड येत होतं, आणि शिवशरण आईला न विचारताच स्वतः उत्तरं देत होता.

अमरेश शेजारी उकिडवा बसला आणि आईला हाक मारावी तसं कन्नडमध्ये विचारू लागला. "अव्वा, एदि नोवू ऐतेनु?"

मग सुष्मिताकडं वळून म्हणाला, "छातीत दुखत न्हाय म्हणत्यात. जबडा दुखतोय, पाठ भरलीय, दम लागतोय."

साखरेच्या पेशंटला हार्ट अटॅक असा गुपचूपही येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "एक पाऊलही चालवायचं न्हाय त्यांना!" तिनं ईसीजी काढून डॉक्टरांना पाठवला. अटॅकच होता. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्यावर तिनं ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली. शिवशरण पुढं बसला आणि गाडी कोल्हापूरकडं सुटली.

हातकणंगल्याच्या अलीकडं मॉनिटरवरची रेघ एकाएकी पिसाटली. बसम्मांची मान कलली. नाडी लागेना.

"अमरेश, गाडी थांबव! मागं ये!"

तळहातावर तळहात ठेवून ती छाती दाबू लागली — जोरात, मोजत. तो येताच तिनं जागा त्याला दिली. "कोपर ताठ! थांबू नको!" पॅड चिकटवले. "हात काढ!" विजेचा झटका दिला. "परत दाब!"

दोन मिनिटं गेली... आणि बसम्मा कण्हल्या.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर उतरवताना बसम्मांनी दोघांकडं पाहून काहीतरी पुटपुटत विचारलं. अमरेशनं मान खाली घालून उत्तर दिलं. त्या मास्कआडून चक्क हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"पाणी मागितलं. मी म्हटलं, अजून न्हाय." त्याचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी ती बसम्मांची चौकशी करायला वर गेली. हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा डॉक्टरांनी काढला होता. शिवशरणनं हात जोडले. "आई बरी हाय. तुमच्या लग्नाला बोलवा म्हणतीय."

"माझ्या?"

"दारात आईनं तुमच्या ड्रायव्हरला विचारलं न्हाय का, ही तुझी बायको काय म्हणून? तर ते म्हणाले, अजून न्हाय!"

सुष्मिता तडक खाली आली. अमरेश काच पुसत होता.

"पाणी मागितलं काय रे?"

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "उद्या बाळासो येणार. मी परत कागलच्या गाडीवर. मग कधी बोलणार हुतो?"

"एका दिवसात काय बघितलंस माझ्यात?"

"छाती दाबताना तू मोजत हुतीस... आणि मधीच म्हणालीस, अव्वा, जाऊ नका. कन्नडचा एक शब्द येत न्हाय, तरी अव्वा म्हणालीस." तो हळूच म्हणाला. "तिथंच कामातून गेलो मी."

तिनं ओठांवरचं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"रविवारी घरी ये, मंगळवार पेठेत. आमच्या पप्पांना कन्नड येत न्हाय. तिथं नीट मराठीत सांगायचं."

"आणि ते न्हाय म्हणाले तर?"

तिनं त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"मी हाय की."